वाड्यात वायर ओढताना

गेल्या उन्हाळ्यापर्यंत सदाशिव पेठेतल्या एका दुमजली वाड्यात, माजघराच्या दारावर तुळई भिंतीत शिरते त्या कोपऱ्यात मान वर करून थोडा वेळ उभं राहिलं, की या घराने गेल्या साठ-सत्तर वर्षांत काय ऐकलं आणि काय पाहिलं ते कळत असे. सगळ्यात खाली सागवानी पट्टी होती. तिच्यावर पत्र्याच्या बारीक क्लिपांनी धरलेली रबराची वायर. रबर इतकं कडक झालं होतं की नखाने टोकरलं तर भुकटी पडे. पट्टीच्या वर चिनीमातीच्या दोन गोट्या होत्या, रिकाम्या. त्यांना कधीकाळी रेडिओची एरियल ताणून बांधलेली असे. बाजूने चपटी, दोन पदरी पट्टी वायर उतरत होती, ती गच्चीवरच्या टीव्ही अँटेनाची. मग टेलिफोनची वायर. मग केबलवाल्याची जाड काळी, तिला लागून डिशच्या छत्रीची पांढरी. आणि या सगळ्यांवरून, खिळ्याला सुतळीने बांधलेली, बारीक चपटी फायबर.

दिवाळीच्या आधी घराला रंग लागायचा तेव्हा कुंचला या सगळ्यांवरून एकसारखा फिरायचा. त्यामुळे कोणती वायर किती जुनी, हे तिच्यावरच्या रंगाच्या थरांवरून सांगता येत होतं. रबराच्या वायरीवर चुना, निळसर डिस्टेंपर, पिवळा, पुन्हा पांढरा. फायबरवर एकच हात.

यातल्या तीनच चालू होत्या: छत्रीची, फायबर, आणि ती रबराची. सर्वांत जुनी, भुकटी पडणारी वायर, तिच्यातून तेव्हाही माजघरातल्या दिव्याला वीज जात होती.

पुण्यातल्या पेठा, वाई, सातारा, नाशिकचं जुनं गावठाण, कुठेही जा, असा कोपरा सापडतो. प्रत्येक वायर आली ती घाईत आली. आणणारा माणूस बाहेरचा होता, त्याला त्याच दिवशी आणखी चार घरं करायची होती. त्याने रस्त्यापासून दिवाणखान्यापर्यंतची सर्वांत जवळची सरळ रेघ धरली, खिळे ठोकले आणि तो गेला. आधीची मेलेली वायर काढणं हे कोणाचंच काम नव्हतं. मला या लेखात मुख्यतः एवढंच सांगायचं आहे, की जुन्या घरात वायर टाकायची नसते, वायरीसाठी वाट करून द्यायची असते. वाट एकदा नीट झाली की तिच्यातून आज फायबर जाईल, उद्या आणखी काही जाईल, आणि घराला पुन्हा भोक पडणार नाही.

हे घर असं का झालं ते समजून घ्यायला थोडं मागे जावं लागतं.

मुंबईहून २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीने नियमित प्रसारण सुरू केलं. पुण्यात आकाशवाणीचं केंद्र आलं २ ऑक्टोबर १९५३ ला. त्या काळचा व्हॉल्व्हचा रेडिओ ही घरातली मोठी वस्तू. त्यासाठी पोस्टातून परवाना काढावा लागे आणि दरवर्षी नूतनीकरण करावं लागे. ही पद्धत पुढे १९८०च्या दशकात बंद झाली. रेडिओच्या मागे दोन जागा असत, एक एरियलची आणि एक अर्थची. एरियल म्हणजे छपरावर दोन टोकांना चिनीमातीच्या गोट्या बांधून ताणलेली तांब्याची तार, नाहीतर खोलीतल्या खोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत बांधलेली तांब्याच्या जाळीची पट्टी. अर्थची तार मोरीतल्या नळाच्या लोखंडी पाइपाला गुंडाळत. नळाचा पाइप जमिनीत जात होता, त्यामुळे ते चालत होतं.

ही नळाची गोष्ट आजही महत्त्वाची आहे. पुष्कळ वाड्यांत रेडिओच्या मागोमाग इस्त्री, फ्रिज, मग कॉम्प्युटर, अशा सगळ्यांची अर्थिंग त्याच पाइपाला जोडली गेली. नंतर पाइप गंजले, प्लंबरने लोखंडी काढून प्लॅस्टिकचे टाकले, आणि त्या दिवशी घराची अर्थिंग गेली. कोणाला कळलं नाही, कारण दिवे लागत राहिले, टीव्ही चालत राहिला. तीन पिनांच्या सॉकेटमधलं वरचं मोठं भोक नुसतं शोभेला राहिलं. राऊटरचा खोका, कॉम्प्युटरची पत्र्याची पेटी यांना हात लावला की बोटांना मुंग्या येतात अशी तक्रार जुन्या घरांत सतत ऐकू येते, तिचं मूळ बहुतेक वेळा इथे असतं.

आकाशवाणीचं पुणे केंद्र मध्यम लहरींवर ७९२ किलोहर्ट्झवर लागतं. या लहरीची लांबी जवळजवळ ३८० मीटर. एवढ्या लांब लहरीला दीड-दोन फुटांच्या मातीच्या भिंतीचं काही वाटत नाही. वाड्याच्या आतल्या अंधाऱ्या खोलीतही रेडिओ लागत होता तो म्हणूनच. मग टीव्ही आला. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं आणि १९७३ मध्ये सिंहगडावर सहक्षेपण केंद्र झालं, तेव्हा पुण्यात चित्र दिसू लागलं. टीव्हीच्या लहरीची लांबी काही मीटर. तिला घराच्या आतपर्यंत यायला अवघड जात होतं, म्हणून अँटेना कौलांच्या वर गेला आणि चपटी वायर चौकातून खाली उतरली. आज घरोघरी असलेल्या वाय-फायची लहर साडेबारा सेंटिमीटरची, आणि वेगवान पट्ट्यातली तर पाच-सहा सेंटिमीटरची. मातीची एक भिंत तिला थकवते, दुसरी संपवते. पावसाळ्यात ओल धरलेली भिंत आणखी जास्त खाते. लहर आखूड होत गेली तसतशी वाड्याची भिंत जाड होत गेली, असंच म्हणायला हवं. बिनतारी युगात जुन्या घराला वायरीची गरज वाढली, ती या कारणाने.

सत्तर-ऐंशीच्या दशकांत पेठांमधल्या कौलांवरचे सगळे अँटेना नैर्ऋत्येकडे, सिंहगडाच्या दिशेला तोंड करून होते. आजच्या छत्र्या आग्नेयेकडे बघतात. दूरदर्शनची फ्री डिश ज्या उपग्रहावरून येते तो जीसॅट-१५ पूर्व रेखांश ९३.५ अंशावर विषुववृत्ताच्या वर स्थिर आहे. पुण्यातून त्याच्याकडे पाहायचं तर आग्नेय दिशा आणि क्षितिजापासून जवळजवळ साठ अंश वर. हा कोन वाड्यांच्या कामाचा आहे. छत्री कौलांवरच बसवली पाहिजे अशी समजूत आहे, आणि त्यासाठी माणूस कौलांवर चढतो, दहा-बारा फोडतो, पाऊस आला की घर गळतं. पण उपग्रह इतका वर असेल तर चौकातूनही दिसू शकतो. समोरची बाजू सात मीटर उंच असेल तर तिच्यापासून सव्वाचार मीटर अंतर पुरतं. मोठ्या चौकाच्या वायव्य कोपऱ्यात, छोट्या लोखंडी स्टँडवर, तळाशी फरशीवर वजन ठेवून छत्री उभी राहते. कौलांना धक्का नाही, वायर दहा-पंधरा फुटांत घरात, आणि पावसाळ्यात हलली तर आजीसुद्धा कोणाला तरी बोलावून सरळ करून घेऊ शकते. लहान चौकात हे जमत नाही, तिथे गच्चीचा किंवा माडीच्या सज्जाचा विचार करावा. पण आधी चौकात उभं राहून आकाश बघायचं, शिडी नंतर आणायची.

केबलचं प्रकरण सर्वांत वाईट झालं. १९९१ च्या आखाती युद्धाच्या वेळी परदेशी वाहिन्या घरांत आल्या, २ ऑक्टोबर १९९२ ला झी सुरू झाली, आणि गल्लीगल्लीत केबलवाला उभा राहिला. कायदा झाला १९९५ मध्ये. तोपर्यंत वायरी एका वाड्याच्या पन्हळीवरून दुसऱ्याच्या खिडकीला, विजेच्या खांबावरून पिंपळाच्या फांदीला, अशा ओढून झाल्या होत्या. एका वायरीतून दोन टीव्ही काढायचे तर मधे स्प्लिटर. दोन फाट्यांच्या स्प्लिटरमध्ये सिग्नल निम्म्याहून कमी उरतो, चार फाट्यांच्यात पाचव्या हिश्शाइतकाच. वाड्यात सहा बिऱ्हाडं. शेवटच्या बिऱ्हाडाच्या पडद्यावर मुंग्या. मग अँप्लिफायर. तो जिन्याखाली, कोणाच्या तरी मीटरवर. २०१३ मध्ये पुण्यात डिजिटल सक्ती झाली, सेट-टॉप डबा आला, मुंग्या गेल्या. आता सिग्नल कमी पडला की चित्र थेट गोठतं. जिन्याखालचा अँप्लिफायर मात्र अजून कित्येक ठिकाणी तसाच आहे. लोंबणारी केबल मेलेली समजून पकडीने तोडू नये, हे इथे बजावून सांगतो. रस्त्यावरचे अँप्लिफायर चालावेत म्हणून मोठ्या केबलमधून वीजही सोडलेली असते.

फोनच्या तांब्याच्या तारेवर २००५ मध्ये ब्रॉडबँड आलं, तेव्हा वाड्यातल्या लोकांना पहिल्यांदा वाटलं की आता नवी वायर नको. ते काही वर्षं खरंही होतं. पण खरी अडचण उघडी पडली ती २०२० मध्ये. टाळेबंदी लागली आणि एकाच घरात आईचं ऑफिस, एका मुलाची शाळा, दुसऱ्याचं कॉलेज आणि आजोबांची मालिका एकदम सुरू झाली. राऊटर दिवाणखान्यात, रस्त्याकडच्या खिडकीशी, कारण वायर तिथून आत आली होती. मुलं जिन्यावर बसून वर्ग करायची, देवघराच्या उंबऱ्यावर बसून परीक्षा द्यायची. नेट सबंध घरात का नाही, हा प्रश्न तेव्हापासून वायरमनला विचारला जातो. त्याचं उत्तर ब्रॉडबँड कंपनीच्या मोठ्या प्लॅनमध्ये सापडत नाही, ते भिंतींमध्ये आहे.

मी ज्या वाड्याबद्दल सुरुवातीला लिहिलं तिथे गेल्या उन्हाळ्यात वायरींसाठी वाट करण्याचं काम झालं. पेठेतलाच वायरमन, वडिलांच्या हाताखाली बॅटन पट्टीचं काम शिकलेला. त्याने पहिल्या दिवशी हत्यार बाहेर काढलंच नाही. कागदावर घर काढलं: देवडी, चौक, ओसरी, माजघर, स्वयंपाकघर, जिना, माडी. मग प्रत्येक वायरीचं एक टोक धरून दुसऱ्या टोकापर्यंत गेला. मालकीणबाई म्हणाल्या, "अहो, नुसतं फिरताय काय, काम कधी करणार?" तो म्हणाला, "काकू, हेच काम आहे. ठोकाठोकी काय, एका दिवसात होते."

सुरुवात इंटरनेटपासून करायची नाही, विजेपासून करायची. त्याने ५०० व्होल्टचा मेगर लावून जुन्या तारांचं इन्सुलेशन तपासलं. माजघराची लाइन नापास झाली, तशी ती होणारच होती. रबराची वायर जागेवरून हलवली तर आवरण गळून पडतं, म्हणून ती दुरुस्त करायची नसते. वीज बंद करून पूर्ण काढून टाकायची आणि नवी ओढायची. मग परसात, विहिरीच्या बाजूला, अर्थिंगसाठी खड्डा घेतला, पाइप उभा गाडला, भोवती कोळसा आणि मीठ. मीटरच्या खालोखाल आरसीसीबी बसवला. वीज कुठे गळत असेल, कोणाला धक्का बसत असेल, तर तो क्षणात वीज तोडतो. ज्या घरात अर्थिंगचा भरवसा नाही त्या घरात हा खटका आधी, राऊटर मागाहून. कोणी पैशांवरून काचकूच केली तर मी इंटरनेट पुढच्या वर्षी घ्या म्हणेन, पण हे नको म्हणणार नाही.

मग वाट. नव्या इमारतीत भिंतीला झिरी मारतात, पाइप आत दाबतात, वर सिमेंट. वाड्यात हे करू नये. या भिंती मातीच्या, आतून विटा नाहीतर भेंडे, वरून चुन्याचा गिलावा. घराचं वजन लाकडी खांब आणि तुळया पेलतात. हॅमर ड्रिल लावलं की हातभर गिलावा पडतो आणि भोकाच्या तोंडाशी माती सुटत राहते. प्लॅस्टिकची गिट्टी त्या मातीत धरत नाही. वर सिमेंट लावलं तर ओल आत कोंडते आणि शेजारचा चुना सुटतो. पण वाडा बांधणाऱ्यांनी वायरींचा विचार केला नसला तरी वाटा ठेवल्या आहेत. कडीपाटात कड्या भिंतीवर टेकतात तिथे वर सलग खोबण असते. खांबाच्या मागच्या बाजूला, भिंत आणि लाकूड यांच्यामध्ये बोटभर फट असते. बुजवलेले झरोके, धुराडी, जिन्याच्या पाठीमागची पोकळी, पावसाच्या पाण्याच्या पन्हळीचा जुना मार्ग. वायरमनने बॅटरी घेऊन दुपारभर या जागा शोधल्या, आणि सबंध घरात मिळून भिंतीला फक्त दोन भोकं पाडली. दोन्ही हाताच्या ड्रिलने, ठोका न देता.

तुळईला भोक पाडायची वेळ आलीच तर कुठे पाडायचं याचा नियम आहे. तुळई वाकते तेव्हा तिची खालची कड ताणली जाते आणि वरची दाबली जाते. मधल्या पट्टीवर ताण सर्वांत कमी. म्हणून भोक तुळईच्या उंचीच्या मधोमध घ्यायचं, लहान घ्यायचं, आणि खालच्या कडेला खाच कधीच करायची नाही. सुतार हे न सांगता जाणतो. केबल टाकायला आलेल्या पोराला कोणी सांगितलेलं नसतं. तो खालून खाच मारून मोकळा होतो, कारण तिथे हात पोचतो. जिथे सांधा आहे, जिथे खांबाच्या डोक्यात तुळई बसते, तिथे खिळासुद्धा नको.

देवडीतल्या कोनाड्यात त्याने एक लाकडी पेटी बसवली. बाहेरची प्रत्येक वायर आधी या पेटीत येणार, घरात थेट कोणी घुसणार नाही. पेटीपासून चार ठिकाणी पीव्हीसी पाइप गेले: माजघर, दिवाणखाना, माडीवरची खोली आणि चौकाचा वरचा सज्जा. पाइप एक इंची, भरला अर्ध्यापेक्षा कमी. कोपऱ्यावर काटकोनी एल्बो कुठेही नाही, सगळीकडे लांब वळणाचे बेंड. आणि प्रत्येक पाइपात वायरीबरोबर एक नायलॉनची दोरी, दोन्ही टोकांना गाठ मारून, नुसतीच पडून राहायला सोडलेली. पुढच्या माणसाला नवी वायर हवी असेल तेव्हा तो या दोरीला बांधून ओढेल, आणि ओढताना मागे आणखी एक दोरी सोडेल. विजेच्या तारांचा पाइप वेगळा, मधे वीतभर अंतर. दोन्ही एकमेकांना ओलांडतात तिथे काटकोनात ओलांडतात, कारण शेजारी-शेजारी लांबवर धावल्या तर विजेची गुणगुण डेटाच्या तारेत उतरते.

डेटाची तार निवडताना बाजारात फसवणूक चालते. कॅट-सिक्स म्हणून जी वायर स्वस्तात मिळते तिच्यात पुष्कळदा अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असतो. दुकानात उभं राहूनच एक पदर सोलावा, ब्लेडने तार खरवडावी. आतून चंदेरी दिसली तर परत द्यावी. शुद्ध तांब्याची तार आतपर्यंत तांबडी असते. मुलाम्याची तार वळवताना तुटते, सांध्याशी गंजते, आणि तिच्यातून कॅमेऱ्याला किंवा छतावरच्या वाय-फायच्या डब्याला वीज द्यायची म्हटलं तर तापते. शंभर मीटरपर्यंत तांब्याची तार बिनतक्रार चालते. कोणत्याही वाड्यात एवढी लांबी लागत नाही.

फायबर जोडायला कंपनीचा मुलगा आला तेव्हा मी ओसरीवर बसून ते काम पाहिलं. त्याने पायरीवर फडकं पसरलं, त्यावर भाजीच्या डब्याएवढं स्प्लायसिंग मशीन ठेवलं. चपट्या केबलचं काळं आवरण सोललं, मग आतल्या तंतूचं रंगीत आवरण, आणि उरली ती उघडी काच: १२५ मायक्रॉन जाड, म्हणजे मिलिमीटरचा आठवा भाग. प्रकाश जातो तो तिच्याही गाभ्यातून, जेमतेम ९ मायक्रॉनच्या. स्पिरिटने पुसली, क्लीव्हरमध्ये ठेवून टोक सरळ कापलं. कापलेला तुकडा त्याने चिकटपट्टीला लावून घडी घातली. हे सगळेजण करत नाहीत. फरशीवर पडलेला काचेचा तंतू दिसत नाही आणि वाड्यात मुलं अनवाणी फिरतात, म्हणून करणाऱ्याला मी मनापासून धन्यवाद दिले. मशीनच्या पडद्यावर दोन टोकं समोरासमोर आली, ठिणगी पडली, काच काचेत वितळली. "काकू, शून्य पॉइंट शून्य एक," तो म्हणाला. सांध्यात प्रकाश जवळजवळ वाया गेलेला नाही, असा त्याचा अर्थ. मग पॉवर मीटर: वजा एकवीस. वजा सत्तावीसच्या खाली गेलं की डब्यावरचा लाल दिवा लागतो आणि तक्रार सुरू होते.

जुन्या घरात हा आकडा बिघडतो तो बहुतेक खांबाच्या कडेवर. फायबर काटकोनात वाकवली की प्रकाश बाहेर सांडतो. सुतळीने आवळली, खिळ्याने चेपली, दाराच्या फटीत दाबली, तरी तेच. हल्लीची फायबर बरंच वळण सोसते, तरी वाटीच्या काठाहून लहान वळण देऊ नये, आणि पेटीत दोन-तीन मीटर जादा गुंडाळून ठेवावी. पुढे कधी तुटली तर जोडायला पुरेल. आणखी एक बघावं: बाहेरून येणाऱ्या बऱ्याच फायबरमध्ये ताण सोसायला पोलादाची तार घातलेली असते. काचेतून वीज जात नाही म्हणून फायबर विजांपासून सुरक्षित, हे बरोबर आहे. पण ती पोलादी तार घरात डब्यापर्यंत आणली तर वळवाच्या पावसात तिच्यावरून झटका आत येऊ शकतो. ती देवडीतच कापून बाहेरच्या आकड्याला बांधायची, आत फक्त काच न्यायची. छत्रीची आणि केबलची वायर तर धातूचीच, तिला देवडीत अर्थ द्यायलाच हवी. वैशाखात आणि पुन्हा ऑक्टोबरमध्ये आभाळ गडगडायला लागलं की टीव्हीचा प्लग काढतात, पण मागची वायर तशीच राहते, आणि डबा जळतो तो बऱ्याचदा तिच्यामुळेच.

राऊटर कुठे ठेवायचा यावर घरात बराच वाद झाला. सगळ्यांना दिवाणखाना हवा होता. वायरमनने तो चौकाच्या वरच्या सज्जात, पागोळ्यांपासून आत, फडताळात ठेवला. वाड्याच्या खोल्या एकमेकींकडे भिंतीतून पाठ करून असतात, पण जवळजवळ प्रत्येकीचं एक दार किंवा खिडकी चौकात उघडते. बांधणाऱ्याने चौक वाऱ्यासाठी, उजेडासाठी ठेवला. वाय-फायलाही तोच मार्ग. सज्जातल्या एका डब्याने चारही बाजूंच्या पुढच्या खोल्या धरल्या. मागचं स्वयंपाकघर आणि माडीची आतली खोली राहिली, तिथे कॅट-सिक्सच्या टोकाला दुसरे छोटे डबे लागले. दुकानात मिळणारे, वायर न जोडता सिग्नल पुढे ढकलणारे डबे मातीच्या घरात फारसे उपयोगी पडत नाहीत, कारण त्यांना आधी स्वतःला सिग्नल मिळावा लागतो.

सगळं झाल्यावर घरातल्या आजींचा रेडिओ बिघडला. म्हणजे रेडिओ ठीक होता, पण सकाळी सात वाजून पाच मिनिटांच्या बातम्यांवर घरघर यायला लागली. एफएमवर १०१ मेगाहर्ट्झची विविध भारती स्वच्छ, मध्यम लहरीवर मात्र बातम्या ऐकू येईनात. वायरमनने ट्रान्झिस्टर हातात घेऊन घरभर फिरवला. मध्यम लहरीचा रेडिओ अशा वेळी स्वतःच तपासाचं उत्तम यंत्र होतो: आतल्या फेराइटच्या कांडीमुळे तो एका दिशेला जास्त ऐकतो, फिरवत गेलं की घरघर कुठून येते ते कळतं. माडीवरच्या डब्याचा स्वस्तातला अॅडॉप्टर आणि देवघरातला नवा एलईडी दिवा, दोघंही गुन्हेगार निघाले. अॅडॉप्टर चांगल्या बनावटीचा आणला, दिवा बदलला, आणि रेडिओ त्या भिंतीपासून उठवून ओसरीच्या खिडकीत ठेवला. नेटवर आकाशवाणी ऐकू येते हे आजींना नातवाने दाखवलं होतं. त्यांना बटण फिरवून लागणारा रेडिओच हवा होता, आणि माझ्या मते घरात नवी वायरिंग करताना तो लागतोय की नाही हे बघणं हाही कामाचा भाग आहे. ज्यांच्यासाठी घरात पहिली तार आली त्यांचंच ऐकणं बंद करून पुढे जायचं, हे बरोबर नाही.

गिरगावातल्या चाळीचा हिशोब वेगळा. तिथे गॅलरी ही आयती सरळ वाट. प्रत्येक खोलीचं दार तिच्यावर उघडतं, वायर छताच्या कडेने सरळ जाते आणि दोन-तीन हातांत घरात शिरते. आतली खोली एकच किंवा दीड, त्यामुळे भिंतींची अडचण कमी. तिथे अडचण आहे ती गर्दीची: दहा ऑपरेटरांच्या दहा वायरी एकाच कठड्याला, आणि कोणती कोणाची ते कोणालाच माहीत नाही. कोकणातल्या जांभ्याच्या घरात भोक सहज पडतं पण कडा भुसभुशीत होतात, आणि तिथे सर्वांत मोठा शत्रू आकाशातली वीज. माडांच्या मधल्या कौलारू घराला छत्रीची अर्थ नसेल तर एका रात्रीत टीव्ही, डबा, राऊटर सगळं जातं.

पण पेठेतला वाडा असो की गिरगावची चाळ, एक वाक्य दोन्हीकडे ऐकू येतं: "आता कशाला खर्च करायचा, पुढच्या वर्षी पाडायचंच आहे." ही पुढची वर्षं कशी येतात ते सगळ्यांनी पाहिलंय. भाडेकरू आणि मालक यांचं जमत नाही, बिल्डर बदलतो, कागद अडकतात, आणि त्याच घरात एक पिढी मोठी होते. तोपर्यंत ती उघड्या रबराच्या वायरीखाली झोपते. पाडायचं असलेल्या घरातही अर्थिंग आणि आरसीसीबी हवाच. आणि पाइप, पेटी, कॅट-सिक्स हे सगळं स्क्रूवर बसवलेलं असेल तर नव्या जागेत जाताना काढून नेता येतं. वायरी पुरून टाकल्या तर घराबरोबर जातात.

सदाशिव पेठेतल्या त्या वाड्यात खर्च कोणी करायचा यावर सहा बिऱ्हाडांत तीन महिने बोलणी झाली. शेवटी देवडीची पेटी आणि अर्थिंग मालकांनी केली, पाइपाचा खर्च बिऱ्हाडांनी वाटून घेतला, आपापल्या वायरी ज्याच्या त्याच्या. मेलेल्या वायरी काढल्या, त्यांचं वेटोळं भंगारवाल्याला गेलं. चिनीमातीच्या गोट्या तेवढ्या मालकीणबाईंनी ठेवून घेतल्या. पेटीच्या दाराला आतून वायरमनने काढलेला नकाशा चिकटवला आहे: कोणता पाइप कुठे जातो, कोणत्या खोलीत किती सॉकेटं, अर्थचा खड्डा कुठे, त्यात पाणी कधी घालायचं.

गणपतीनंतर माडीवरच्या बिऱ्हाडाने दुसऱ्या कंपनीचं कनेक्शन घेतलं. त्यांचा माणूस नेहमीप्रमाणे ड्रिल आणि खिळ्यांचा डबा घेऊन आला आणि बाहेरच्या भिंतीवर कुठून चढायचं ते बघत होता. खालच्या काकूंनी त्याला देवडीत आणून पेटी उघडून दाखवली. त्याने नकाशा वाचला, माडीच्या पाइपातल्या दोरीला फायबर बांधली, वरून एकाने ओढली, खालून त्याने सोडली. निघताना त्याने विचारलं, "ही मागची दोरी काढू का?" काकू म्हणाल्या, "अजिबात नको. तिला गाठ मार आणि राहू दे."